हार्ड डिस्क गेली? आधी केबल बघा, मग कपाळाला हात लावा

जुना पीसी सुरू होत नाही आणि दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली, या तक्रारीची पत्रं यावेळी इतकी आली की सगळा अंकच तिला दिला आहे. ‘गेली’ या एका शब्दात निरनिराळी दुखणी येतात. कधी डिस्क धडधाकट असते आणि केबल सैल असते, कधी डिस्कचं सर्किट जळलेलं असतं, कधी आतली चकती खराब होत चाललेली असते. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर डेटा कायमचा जातो.

प्रश्न : माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. पेंटियम ४ चा पीसी, विंडोज एक्सपी, ८० जीबीची आयडीई (चपट्या पट्टीने जोडायची, जुन्या पद्धतीची) हार्ड डिस्क. पेजमेकर आणि श्रीलिपीत केलेली पंधरा वर्षांची कामं त्यात आहेत. महिनाभर मशीन मधेच गोठतंय, फाइल उघडताना ‘कुट् कुट्’ आवाज येतो आणि चालू करताना दरवेळी चेकडिस्क सुरू होतं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू. टाकू द्यावं का? – डीटीपी व्यावसायिक, सांगली

अजिबात नको. मशीन आत्ता बंद करा आणि खालची तयारी होईपर्यंत चालू करू नका. अशा डिस्ककडे वाचून देण्याची ताकद मोजकी उरलेली असते. ती कॉपी करण्यात घालवायची, दुरुस्तीत नाही.

चेकडिस्क पुन्हा समोर आलंच तर दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू असते, तेवढ्यात कुठलंही बटण दाबून ते रद्द करा. ते डेटा वाचवत नाही, फाइलींची यादी नीटनेटकी करतं. यादीतली नोंद वाचता आली नाही तर ती काढून टाकतं आणि हाती लागलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ शेपटीच्या बेवारशी फाइली म्हणून टाकतं. लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा त्या नावाने परत मिळून तुम्हाला काही उपयोग नाही.

लागणाऱ्या वस्तू : ८० जीबीपेक्षा मोठी एक चांगली डिस्क (वापरलेली १६० किंवा २५० जीबीची चालेल, पण तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल), ती यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर, आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा मोफत प्रोग्रॅम असलेल्या ३२-बिट लिनक्सची एक सीडी. सीडी यासाठी की त्या काळातले बरेच मदरबोर्ड पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत.

आजारी डिस्क मदरबोर्डवर थेट जोडलेलीच राहू द्या, यूएसबीवर नवी डिस्क येऊ द्या. उलटं केलं तर स्वस्त कन्व्हर्टर पहिल्याच बॅड सेक्टरवर (वाचता न येणाऱ्या जागेवर) अडकतो आणि डिस्क यादीतूनच गायब होते. आयडीईच्या ८० तारांच्या पट्टीला तीन प्लग असतात : निळा मदरबोर्डला, टोकाचा काळा मास्टरला (मुख्य डिस्कला), मधला करडा स्लेव्हला (दुय्यम डिस्कला). पट्टीच्या कडेची रंगीत तार म्हणजे एक नंबरची पिन, ती डिस्कच्या पॉवर सॉकेटच्या बाजूला येते. त्या पट्टीवर सीडी ड्राइव्ह असेल तर तो दुसऱ्या पट्टीवर हलवा, म्हणजे आजारी डिस्क अडली तरी सीडी अडणार नाही.

लिनक्स सुरू झाल्यावर जुन्या डिस्कचं चित्र पडद्यावर दिसलं तरी त्यावर क्लिक करू नका. आधी डिस्कची यादी मागवून कोणती ‘एसडीए’ आणि कोणती ‘एसडीबी’ आहे ते मॉडेल नंबर आणि आकारावरून कागदावर लिहून घ्या. डीडीरेस्क्यूला पहिलं नाव स्रोताचं, दुसरं ठिकाणाचं आणि तिसरं नोंदवहीच्या फाइलीचं द्यायचं असतं. पहिली दोन अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या पंधरा वर्षांवर उतरेल. एंटर दाबण्यापूर्वी कागदाशी ताडून बघा, दोनदा.

पहिली फेरी ‘एन’ पर्याय देऊन करा. त्यात तो जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो आणि रुसलेल्या जागा पुढच्यासाठी सोडतो. दुसऱ्या फेरीत तो पर्याय काढून ‘डी’ आणि ‘आर ३’ द्या, म्हणजे उरलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न होतो. नोंदवहीची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवलं तरी तिच्यामुळे काम जिथून सुटलं तिथूनच पुढे जातं. सीडीच्या लिनक्समध्ये ती फाइल नुसती डेस्कटॉपवर ठेवली तर मशीन बंद होताच नाहीशी होते, हे बरेच जण विसरतात.

निरोगी ८० जीबी पाऊण-एक तासात उतरतात. तुमच्या डिस्कला रात्र लागली तरी घाबरू नका. टेबलफॅनचा वारा थेट डिस्कवर घ्या. हात लावून धरवत नसेल इतकी तापली तर थांबवून थंड होऊ द्या. ‘कुट् कुट्’ चालेल, पण आवाज घड्याळासारखा ठोक्यात ‘टक... टक... टक’ येऊ लागला तर वाचणारा हेडच जागेवर बसत नाही असं समजा आणि वीज काढा. तिथून पुढे घरचं काम नाही, क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो आणि केसाची जाडी काही दहा हजार नॅनोमीटर असते. त्यामुळे ‘उघडून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातात डिस्क देऊ नका.

चेकडिस्क चालवायचंच असेल तर आता, या नव्या प्रतीवर, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून. मग उचलायच्या गोष्टी : ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ मधलं तुमच्या नावाचं फोल्डर आख्खं, डी आणि ई ड्राइव्ह, आउटलुक एक्सप्रेस वापरत असाल तर ‘डीबीएक्स’ फाइली, टॅली असेल तर डेटा फोल्डरमधले आकडी नावांचे फोल्डर. आणि डीटीपीवाले हमखास विसरतात ते ‘विंडोज’मधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर. तुमची कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसेल तर फाइल उघडेल, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालणारं असेल तर तो लॉकही जपा. तो जुन्या प्रिंटर पोर्टचा असेल तर नव्या पीसीला लावायला जागाच मिळणार नाही. म्हणून जुनं मशीन (आजारी डिस्कवर नव्हे, नव्या प्रतीवर) चालतं आहे तोवर महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ करून ठेवा.

प्रश्न : शाळेतला २००८ सालचा पीसी मे महिन्याची सुट्टी आणि पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस बंद होता. आता चालू केला तर तारीख २००२ दाखवतो आणि पडद्यावर ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’ येतं. एकदा निळा पडदा आणि ‘७बी’ असा काहीतरी नंबर आला. नवी हार्ड डिस्क घ्यायला मंजुरी मागावी लागेल का? – शिक्षक, चिपळूण

मंजुरी मागण्याआधी एक सेल आणा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा ‘सीआर २०३२’ सेल असतो. तो उतरला की मशीन तारीख विसरतं, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते विसरतं, आणि सॅटाची (आयडीईनंतरच्या, बारीक केबलच्या जोडणीची) पद्धत ‘आयडीई’ होती की ‘एएचसीआय’ तेही विसरतं. कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेल्यावर पद्धत बदलली की विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही, आणि तुम्हाला दिसला तो ७बीचा निळा पडदा येतो. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

नवा सेल ३ व्होल्ट दाखवतो, २.७च्या खाली असेल तर बदला. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन (बहुतेक ठिकाणी ‘डिलीट’, काही ठिकाणी ‘एफ२’) तारीख लावा, डिस्कचं नाव दिसतं का बघा, बूटच्या क्रमात ती वर आणा आणि सॅटाची पद्धत उलटी करून पाहा. एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतो, तिथे ‘आयडीई’ किंवा ‘कंपॅटिबल’ हेच ठेवायचं.

बायोसमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल तर पुढचं संशयित केबल. सॅटाची लाल केबल काढून दुसऱ्या सॉकेटला लावा, जमल्यास केबलच बदला. स्वस्तातली वस्तू आहे. त्यानंतर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून रिकाम्या चारपिनी प्लगमध्ये काळी सळई काळ्या तारेत घाला. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ यायला हवेत. मशीन चालू असतानाच मोजा. भाराशिवाय मेलेला एसएमपीएससुद्धा छान आकडे दाखवतो. १२ व्होल्टची बाजू खचली की डिस्क फिरू लागते, दमते, थांबते, पुन्हा फिरू लागते. ऐकणाऱ्याला वाटतं डिस्क टकटक करतेय. झाकण काढलंच आहे तर मदरबोर्डवरचे कॅपॅसिटरही बघा. माथा सपाट हवा. फुगला असेल किंवा तपकिरी पाझर असेल तर दोष तिथे आहे.

कोकणातल्या दमट हवेचं आणखी एक दुखणं. डिस्क उलटी केली की खाली हिरवा किंवा निळा सर्किट बोर्ड दिसतो. तो काढला (स्क्रू चांदणीच्या आकाराचे, बहुधा टॉर्क्स टी-६ किंवा टी-८) की आतल्या बाजूला काही चौकोनी ठिपके दिसतात. डिस्कच्या आतल्या हेडचे आणि मोटरचे स्प्रिंग त्यावर टेकतात. चकचकीत हवेत तिथे काळपट डाग असतील तर शाळेत मिळणारं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने झटका, बोर्ड परत बसवा. फक्त चकत्या झाकणाऱ्या मोठ्या झाकणाच्या स्क्रूंना हात लावू नका.

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपमधली ३.५ इंची ५०० जीबीची डिस्क बाहेरच्या केसमध्ये घातली. केसचा अडॅप्टर सापडेना म्हणून पिन बसली तो लॅपटॉपचा चार्जर लावला. फट् आवाज आला, आता डिस्क फिरतच नाही. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून तिचा बोर्ड लावला तर चालेल ना? – वाचक, नागपूर

लॅपटॉपचा चार्जर बहुधा १९ व्होल्टचा, डिस्कला हवे होते १२. केस हे १२ व्होल्ट मधे काही न करता थेट डिस्कला देते, म्हणून धक्का थेट बसला. तरीही आशा आहे. बोर्डवर पॉवर सॉकेटजवळ दोन काळे चपटे भाग असतात, टीव्हीएस डायोड. जास्त दाब आला की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या सर्किटला वाचवणं हेच त्यांचं काम. मीटरने दोन्ही दिशांनी मोजा. जवळजवळ शून्य ओहम आला तर तो धारातीर्थी पडला आहे. तो काढून टाकला की डिस्क बऱ्याचदा पुन्हा फिरते. मात्र आता तिला कुठलंच संरक्षण उरलेलं नाही, म्हणून पीसीच्या चांगल्या एसएमपीएसवर लावा, डेटा काढा आणि मग ती वापरू नका.

डायोड ठीक असेल आणि बोर्डवरची मोठी चिप करपलेली असेल तर बोर्ड बदलावा लागेल, पण नुसता बदलून चालणार नाही. प्रत्येक डिस्कची हेडची मापं कारखान्यात घेऊन त्याच डिस्कच्या बोर्डवर आठ पायांच्या एका छोट्या रॉम चिपमध्ये साठवलेली असतात. दुसऱ्याचा चष्मा लावून वाचायला बसावं तसं होतं : डिस्क फिरेल, टकटक करेल, ओळख देणार नाही. मोबाइल दुरुस्तीवाले हॉट एअरने चिपा काढतात-लावतात, त्यांच्याकडून जुन्या बोर्डची रॉम नव्यावर बसवून घ्या. दाता बोर्ड निवडताना डिस्कच्या मॉडेलपेक्षा बोर्डवरच छापलेला नंबर जुळायला हवा. बोर्डवर आठपायी रॉम दिसतच नसेल तर ती माहिती मुख्य चिपच्या पोटात आहे, हा उद्योग सोडा.

प्रश्न : बंद पडलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते म्हणे. – वाचक, लातूर

ठेवू नका. बाहेर काढताच आत दव धरतं आणि हेड त्या ओल्या चकतीवर घासतो.

प्रश्न : २००९चा कोअर टू ड्युओ लॅपटॉप आहे, विंडोज ७. डिस्क गेली, डेटा सुरक्षित आहे. आता एसएसडी (चिपांची, न फिरणारी डिस्क) टाकावी का? जुन्या मशीनला तिचा वेग झेपेल का? आणि घरी एक आयडीईवाला डेस्कटॉपही आहे, त्याचं काय? – निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

लॅपटॉपला डोळे मिटून टाका. त्याचा सॅटा २ सेकंदाला २७० एमबीच्या आसपास अडतो, म्हणजे एसएसडीचा निम्मा वेग वाया जाईल. पण जुनं मशीन रांगतं ते या आकड्यामुळे नाही. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला प्रत्येक तुकडा शोधायला १५ ते १८ मिलिसेकंद लागतात, एसएसडीला एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा. फरक तिथे पडतो. २४० जीबीची साधी २.५ इंची सॅटा घ्या. ती ७ मिमी जाड असते, जुना कप्पा ९.५ मिमीचा, म्हणून सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावा, नाहीतर पिना हलतात. विंडोज नव्याने टाका. विंडोज ७ स्वतः पार्टिशन (डिस्कचा विभाग) १ एमबीपासून सुरू करतं आणि ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवणारी सूचना) पाठवतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. त्याचे सुरक्षा अपडेट मात्र १४ जानेवारी २०२०लाच थांबले. बँकेचे व्यवहार या मशीनवर करायचे असतील तर हलकं लिनक्स टाका.

आयडीई डेस्कटॉपवर फार खर्च करू नका. नव्या आयडीई डिस्क आता बनत नाहीत. ‘नवीन’ म्हणून मिळते ती पडून राहिलेली किंवा पुसून चकचकीत केलेली. त्यापेक्षा आयडीई-सॅटा कन्व्हर्टर लावून छोटी एसएसडी बसवा. दोन अडचणी येतील. एक्सपी पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं, एसएसडीची पानं आणि ४के सेक्टर त्याला जुळत नाहीत, लिहिणं दुप्पट होतं. म्हणून पार्टिशन आधी विंडोज ७ किंवा लिनक्समध्ये करून घ्या, मग एक्सपी टाका. दुसरी जास्त घातक : जुन्या बायोसला आणि सर्व्हिस पॅक १च्या आधीच्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढचं मोजता येत नाही. डिस्क चालते, भरत जाते, आणि त्या रेषेपलीकडे लिहिलेलं गोल फिरून पहिल्या सेक्टरांवर पडतं. सगळी फाइलव्यवस्था एका दिवसात कोसळते. तिथे १२० जीबीच घ्या.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर १ टीबीची ‘रिफर्बिश्ड’ डिस्क स्वस्तात मिळतेय. बॅड सेक्टर सॉफ्टवेअरने दुरुस्त केल्याचं सांगतात. घ्यावी का? – विद्यार्थी, ठाणे

दुय्यम बॅकअपसाठी घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघा. ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा, वर्षाचे ८,७६० तास धरा. ४० हजारांच्या घरात असेल तर ती बहुधा सीसीटीव्हीच्या डब्यात रात्रंदिवस फिरून आलेली आहे. शून्य तास आणि स्क्रूच्या भोकांवर ओरखडे, हे एकत्र दिसलं तर आकडा पुसलेला आहे. पुढे चार ओळी वाचा. ५ क्रमांकाची ‘रिअलोकेटेड’, १९७ची ‘पेंडिंग’ आणि १९८ची ‘अनकरेक्टेबल’ या तिन्हींचा कच्चा आकडा शून्य हवा. १९९ची ‘सीआरसी एरर’ वाढलेली असेल तर दोष बहुधा केबलचा होता, डिस्कचा नाही. प्रोग्रॅम हे कच्चे आकडे सोळा-अंकी पद्धतीत दाखवतो, ‘१०’ म्हणजे सोळा, एवढं लक्षात असू द्या.

‘दुरुस्ती’चं म्हणाल तर सॉफ्टवेअर चकती दुरुस्त करत नाही. पेंडिंग सेक्टरवर नवं लिहिलं की डिस्क स्वतः ठरवते : नीट लिहिलं गेलं तर तोच ठेवते, नाहीतर राखीव साठ्यातला दुसरा देते. अचानक वीज गेल्याने अर्धवट लिहिला गेलेला सेक्टर असा खरंच बरा होतो. ओरखडा असेल तर शेजारचे सेक्टर एकामागून एक जातात. म्हणून घरी नेल्यावर डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी भरा (१ टीबीला तीन-चार तास), मग पूर्ण वाचा, आणि तेच चार आकडे पुन्हा बघा. रिअलोकेटेड वाढला असेल तर त्याच आठवड्यात परत करा. बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेतलेला असला तरच दुकानदार ती परत घेईल.